नकाशाआधी पंचांग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



‘गोंदियात बघण्यासारखं काय आहे हो?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो. विचारणारे बहुतेक जण गोंदिया रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेले असतात. हावड्याच्या गाडीत झोपमोड झाली, बाहेर ‘गोंदिया जंक्शन’ अशी पाटी दिसली, चहा घेतला आणि पुन्हा पांघरूण ओढलं, एवढीच त्यांची ओळख. मोटारीनं येणाऱ्यांचंही तसंच. नागपूरहून रायपूरला निघालेली गाडी साकोली, कोहमारा, देवरी करत दीड-दोन तासांत आमचा जिल्हा ओलांडून छत्तीसगडात शिरते. उरलेले काही जण वाघ बघायला येतात. सकाळची फेरी, दुपारची फेरी, आणि संध्याकाळी परत नागपूर.

म्हणून आज मी चार दिवसांच्या एका मोटारप्रवासाची आखणी तुमच्यासमोर मांडणार आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके. उत्तरेला वैनगंगेपलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली आणि पश्चिमेला आमचं जुनं घर भंडारा. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भाताची शेती आणि गावोगावी तलाव. पण ठिकाणांची यादी सांगणं हा माझा आजचा हेतू नाही. यादी कुठेही मिळते. आखणी कशी करायची, काय धरायचं आणि मुख्य म्हणजे काय सोडायचं, याबद्दल मला बोलायचं आहे.

या आखणीचं निमित्त घरातलंच आहे. माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोना राज्यात राहतो. त्यानं मागे एकदा कुटुंबासह तिकडच्या वाळवंटातल्या दऱ्याखोऱ्यांचा आठ दिवसांचा मोटारप्रवास केला. ग्रँड कॅन्यन, झायन, मॉन्युमेंट व्हॅली अशी ती वाट. त्याची तयारी चार महिने चालली होती. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे फोनवर त्याच्याकडून सगळं तपशिलानं ऐकून घेतलं. त्यातल्या तीन गोष्टी माझ्या मनात पक्क्या बसल्या.

पहिली गोष्ट अंतराची. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून उत्तर काठ समोर दिसतो. हवेतून अंतर जेमतेम सोळा किलोमीटर. पण मोटारीनं त्या काठावर जायचं तर दरीला वळसा घालून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. शिवाय उत्तर काठ हिवाळ्यात बर्फामुळे बंद. म्हणजे डोळ्यांना जे जवळ दिसतं ते रस्त्याला जवळ असेलच असं नाही, आणि रस्ता असला तरी तो त्या महिन्यात उघडा असेलच असंही नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत नाहीत, पण त्याच राज्यातल्या नावाहो आदिवासींच्या प्रदेशात करतात. एकाच दिवसात घड्याळ दोनदा बदलावं लागतं. ठरलेल्या वेळेला वाटाड्यापाशी पोचायचं असेल तर हे आधी ठाऊक हवं.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सगळ्यांत गंभीर. तिकडे अँटिलोप कॅन्यन नावाची अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्या घळीत अचानक लोंढा आला आणि अकरा पर्यटकांचा जीव गेला. घळीवर पाऊस नव्हता, तो पडला होता कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला. वाळवंटात माणसं तहानेनं मरतात असं आपण समजतो. तिथे ती बुडूनही मरतात.

आता तुम्ही म्हणाल, या वाळवंटाचा आमच्या तलावांच्या जिल्ह्याशी काय संबंध? संबंध असा, की हाच भाचा गेल्या हिवाळ्यात आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, गोंदिया जिल्हा दाखवायला घेऊन येणार होता. ताई चौऱ्याहत्तर वर्षांची. आमचे बाबा सौंदड स्टेशनात नोकरीला होते. तेव्हा गोंदियाहून चांद्याकडे जाणारी गाडी छोटी होती, नॅरोगेज. ताईचं बालपण त्या गाडीच्या शिटीवर गेलं. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि गेली तीस वर्षं इकडे फिरकलीच नाही. आता गुडघे दुखतात, साखर वाढलेली आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणण्यासारखी परिस्थिती राहिलेली नव्हती. भाच्यानं फोन केला, ‘मावशी, चार दिवस आहेत. आईला सगळं दाखवायचंय.’ सोबत त्यानं एक आराखडा पाठवला होता. चार दिवसांत एकोणीस ठिकाणं.

मी त्याला म्हटलं, ‘अरे, आधी पंचांग उघड. नकाशा नंतर.’

श्रोतेहो, आमच्या जिल्ह्याच्या बाबतीत हा पहिला नियम. इथे प्रत्येक ठिकाणाचा आपापला महिना आहे, आणि सगळी ठिकाणं एकाच महिन्यात कधीच भरात नसतात. पावसाळा घ्या. ऑगस्टमध्ये सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल धो-धो कोसळत असतो, तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि रोवणी झालेल्या बांध्या पोपटाच्या पिसासारख्या दिसतात. सारस पक्ष्यांची जोडपी याच दिवसांत धानाच्या बांध्यांत घरटी करतात. पण नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो. नाल्यांना पूर येतो, आडवाटेचे रपटे पाण्याखाली जातात.

हिवाळ्यात हवा गोड. तलावांवर लालसरी, तलवार बदक, थापट्या असे दूरदेशीचे पाहुणे उतरलेले. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. पण डिसेंबर संपता संपता हाजरा फॉलची धार बारीक होत जाते.

उन्हाळ्यात मार्चमध्ये पळस आणि मोह फुलतो, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम. पाणवठे आटले की वाघ दिसण्याची शक्यता वाढते. पण पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारी बारा ते चार मोटारीबाहेर पाय ठेवू नये अशी स्थिती. त्या दिवसांत आमच्या हिरव्या जिल्ह्याला आणि भाच्याच्या वाळवंटाला नियम एकच: पाणी बरोबर ठेवा, सावली शोधा, प्रवास पहाटे करा.

मग उत्तम महिना कोणता? याचं उत्तर तुम्हाला काय हवं आहे त्यावर आहे. धबधबा आणि जंगल दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध. पक्षी आणि नाटक हवं असेल तर डिसेंबर-जानेवारी. कचारगडची यात्रा पाहायची असेल तर माघ पौर्णिमा. नुसता वाघच हवा असेल तर एप्रिल-मे, पण मग बरोबर वयस्कर माणसं आणि तान्ही मुलं नकोत. आमच्या बाबतीत भाच्याच्या मुलांना नाताळची सुट्टी होती, म्हणून डिसेंबरचा शेवटचा आठवडा ठरला. महिना ठरला आणि यादी आपोआप लहान झाली. एकोणीसची अकरा झाली.

दुसरा नियम. गाडीत कोण बसणार आहे ते बघून दिवस आखा. आखणी नेहमी गाडीतल्या सगळ्यांत धडधाकट माणसाच्या हिशेबानं होते, कारण आराखडा तोच करत असतो. ती व्हायला हवी सगळ्यांत नाजूक माणसाच्या हिशेबानं. ताईला दर दीड तासानं पाय मोकळे करायला हवेत, जेवण वेळेवर हवं, दुपारी तासभर पाठ टेकायला हवी. दिवसात जास्तीत जास्त चार तास मोटार, हे मी ठरवून टाकलं. चार दिवसांत साडेतीनशे ते चारशे किलोमीटर. अमेरिकेत एवढं अंतर एका दुपारी तोडतात. पण आमच्या रस्त्यांवर हिवाळ्यात धान वाळत घातलेलं असतं, बैलबंड्या असतात, ट्रॅक्टरला मागचा दिवा असतोच असं नाही. अकराची सात ठिकाणं झाली.

आता वाट सांगते.

पहिला दिवस गोंदियाचा आणि आसपासचा. बाहेरून येणाऱ्यानं पहिल्या दिवशी लांब जाऊच नये. सकाळी नागऱ्याचं जुनं शिवमंदिर करावं आणि दुपार उतरताना परसवाड्याच्या तलावावर जावं. महाराष्ट्रातून सारस जवळजवळ नाहीसा झाला, तो टिकला मुख्यतः आमच्या जिल्ह्यात, वैनगंगा आणि वाघ नदीच्या काठच्या धानपट्ट्यात. पुरुषभर उंचीचा हा पक्षी जोडीनं राहतो. तो टिकला याचं श्रेय शेतकऱ्यांना आणि ‘सेवा’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांना आहे. बांधीत घरटं दिसलं की तेवढी जागा सोडून काम करणारे शेतकरी इथे आहेत. उघड्या वीजतारा आणि कीटकनाशकं हे त्याचे मोठे शत्रू. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. सारस दिसेलच असं मात्र कुणी सांगू शकत नाही. दिसला तर लांबूनच बघायचा, बांधीत उतरायचं नाही. धान शेतकऱ्याचं असतं, आणि पक्षी कुणाचाच नसतो.

दुसरा दिवस पूर्वेचा. गोंदियाहून आमगाव सुमारे पंचवीस किलोमीटर. आमगावजवळ पदमपूर आहे. ‘उत्तररामचरित’ लिहिणारा आठव्या शतकातला महाकवी भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. ते पद्मपूर म्हणजे आमचं पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. तिथे जाऊन पाहण्यासारखं फार काही नाही, हेही सांगून टाकते. पण ज्याला भवभूतीचं नाव ठाऊक आहे त्यानं अर्धा तास थांबावं.

पुढे सालेकसा आणि दरेकसा. इथे डोंगर सुरू होतात, साग आणि बांबू सुरू होतो. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग इथे बोगद्यातून जातो आणि त्याच्या जवळच हाजरा फॉल आहे. डिसेंबरअखेरीस आम्हाला धार बारीकच मिळाली, पण मुलं खडकांवर मनसोक्त खेळली. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र अँटिलोप कॅन्यनची गोष्ट लक्षात ठेवावी. वरच्या डोंगरात आभाळ भरून आलं असेल तर खाली कितीही ऊन असलं तरी डोहात उतरू नये. पाणी गढूळ व्हायला लागलं, त्यात काटक्या-पानं वाहून यायला लागली की लगेच वर यावं. गावातली माणसं ‘आता निघा’ म्हणाली की फोटो पुरा करायलाही थांबू नये.

तिथून जवळच कचारगड. धनेगावहून पायी डोंगर चढून गेलं की प्रचंड नैसर्गिक गुहा लागते. गोंड समाजाचं हे उगमस्थान मानलं जातं. माता कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोंनी त्यांना मुक्त केलं, अशी कोया पुनेमची परंपरा सांगते. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून हजारो माणसं इथे चालत येतात. भाच्याच्या आराखड्यात याची नोंद ‘केव्ह ट्रेक, दोन तास’ अशी होती. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘पंढरपूरची नोंद तू ‘नदीकाठ, एक तास’ अशी करशील का?’ तो समजला. देवस्थानात जातो तसंच जायचं. आरडाओरडा नाही, दगडावर नावं कोरणं नाही.

ताईला चढता येणार नव्हतं. तिनं मात्र ऐनवेळी हट्ट धरला, ‘हळूहळू येते.’ एखाद्या प्रवासात असा क्षण येतोच, आणि तो आधी विचारात घेतलेला असला की भांडण होत नाही. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की भाचा, सून, मुलं वर जातील आणि मी ताईबरोबर धनेगावात थांबेन. तिथे एका घरासमोर एक वयस्कर बाई सुपात धान पाखडत बसल्या होत्या. त्यांची बोली गोंडी, मराठी मोजकीच. ताईनं सूप मागून घेतलं. पन्नास वर्षांत तिनं हातात सूप धरलं नसेल, पण मनगटाचा झटका विसरली नव्हती. त्या बाई हसल्या, काहीतरी बोलल्या, आणि आतून गुळाचा चहा आला. मंडळी दोन तासांनी खाली आली तेव्हा मुलांनी विचारलं, ‘आजी, तुला कंटाळा आला का?’ ताई म्हणाली, ‘मला वर जायचं होतं, ते राहिलंच. पण इथं बसायला मिळालं ते तुम्हाला नाही मिळालं.’

या भागाबद्दल लोक विचारतात, सुरक्षित आहे का? सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यानं अनेक वर्षं नक्षलवादाचं सावट भोगलं. आता ते पुष्कळ निवळलं आहे. तरीही आडवाटेनं जाण्याआधी स्थानिक माणसाला विचारावं, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी यावं. दुसऱ्या दिवसाचा मुक्काम देवरीला केला.

तिसरा दिवस ताईचा. देवरीहून महामार्गानं कोहमारा आणि सौंदड. नव्वदच्या दशकात छोटी गाडी जाऊन मोठी गाडी आली. ताईच्या आठवणीतलं काहीच तिथे उरलेलं नव्हतं. स्टेशनावर दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, ‘चला, तलावावर.’

नवेगावबांधचा तलाव. डोंगरांच्या कुशीत अडवलेलं सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा बांधला असं सांगतात. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं या मुलखात तलाव बांधले. नदी मोठी नाही, पाऊस चार महिन्यांत पडून जाणार, मग धान पिकवायचं कसं? तर उताराला मातीची पाळ घालायची, जास्तीच्या पाण्याला सांडवा ठेवायचा, तुडुमातून बेताबेतानं पाणी बांध्यांना सोडायचं. एका तलावाचं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्याही खाली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजे आजच्या भाषेत ‘मामा तलाव’ झाले. मालकी गेली, तशी गाळ काढण्याची जबाबदारीही बऱ्याच ठिकाणी कुणाची उरली नाही. अलीकडे काही तलावांचं पुनरुज्जीवन होत आहे. अर्जुनी मोरगावातल्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर मच्छीमारांना बरोबर घेऊन तलावातल्या देशी वनस्पती आणि देशी मासे परत आणण्याचं काम केलं आहे. तलाव म्हणजे नुसतं साचलेलं पाणी नव्हे, हे त्यांच्याकडून समजून घेण्यासारखं आहे.

याच नवेगावात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक प्रवासाला निघण्याआधी वाचावं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं पुस्तक वाचून तलावावर आलेला माणूस आणि न वाचता आलेला माणूस, दोघांना दिसणारं पाणी वेगळं असतं.

भाच्याच्या आराखड्यात नवेगावला दीड तास होता. मी अख्खी दुपार मोकळी ठेवली. पाळीवर सतरंजी टाकली. मुलांनी दुर्बिणीतून बदकं मोजली, भाचा झोपला आणि ताई पाण्याकडे बघत बसली. लहानपणी वर्षातून एकदा बैलबंडीनं इथे येत असू. ती फारसं बोलली नाही. मोकळी दुपार ही आखणीतली पोकळी नसते. माझ्या मते तो आखणीचा मुख्य भाग असतो.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी पुढे अर्जुनी मोरगावमार्गे गोठणगावला जावं. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि त्याच्याजवळ १९७२ साली वसलेली तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत. झाडीपट्टीच्या जंगलात बौद्ध मठ आणि प्रार्थनेच्या पताका बघून नवखा माणूस चकित होतो. हिवाळ्यात बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात, त्यामुळे वसाहत शांत असते. विदेशी पासपोर्ट असलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावं: तिबेटी वसाहतीत जायला आणि राहायला केंद्र सरकारची परवानगी लागते. भाच्याच्या मुलांचे पासपोर्ट अमेरिकी. म्हणून आम्ही हे ठिकाण सोडलं. जवळच प्रतापगड आहे. तिथे महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसं जातात.

चौथा दिवस नागझिऱ्याचा. नागझिरा अभयारण्य १९७० चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, आणि दोन्ही मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. प्रवेशद्वारं अनेक आहेत. मंगेझरी, चोरखमारा, उमरझरी, पिटेझरी. आपला मुक्काम कुठे आहे ते बघून द्वार निवडावं, नाहीतर पहाटेच्या काळोखात तासभर मोटार हाकावी लागते. आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर आधीच करावं. वर्षअखेरीला जागा लवकर संपतात. आठवड्यातून एक दिवस प्रकल्प बंद असतो, तो वार आरक्षणाआधीच बघून घ्यावा. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केलं तेच बरोबर असावं. मोबाइलविषयीचे नियम आता कडक झाले आहेत, ते पाळावेत.

वाघ दिसेल का? २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाघांची वस्ती वाढावी असा तो प्रयत्न. पण वाघ पाहण्यासाठीच आलेल्या माणसाला नागझिरा बहुधा निराश करतं, आणि जंगल पाहायला आलेल्याला कधीच करत नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी आणि किरण पुरंदरे यांनी या जंगलावर पुस्तकं लिहिली ती वाघाच्या जोरावर नव्हेत. आम्हाला वाघ दिसला नाही. रानगवे दिसले, रानकुत्री दिसली.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं वेगवेगळी आहेत, आणि त्यांच्यामधून महामार्ग आणि गोंदिया-कोहमारा रस्ता जातो. वाघ, बिबटे, अस्वलं रात्री हे रस्ते ओलांडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये याच गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका मोटारीची धडक बसून वाघाचा मृत्यू झाला. त्या जखमी वाघाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ज्याला बघायला आपण शेकडो किलोमीटर येतो, तो आपल्याच चाकाखाली जावा यासारखं दुर्दैव नाही. म्हणून माझ्या आखणीतला एकमेव न बदलणारा नियम: सूर्यास्तानंतर जंगलातून मोटार नाही. ‘परतीची गाडी आहे, उशीर होतोय’ हे कारण चालणार नाही. उशीर होईल असा कार्यक्रमच ठेवायचा नाही. दिवसाही मुरदोलीच्या पट्ट्यात वेग कमी, भोंगा नाही, आणि माकडांना बिस्किटं तर मुळीच नाहीत. माकडं रस्त्यावर येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो.

थोडं खाण्यापिण्याचं. मोठ्या हॉटेलांच्या मागे लागू नका. गावात बचत गटाच्या बायका किंवा खाणावळवाले दोन-तीन तास आधी सांगितलं तर ताजं जेवण करून देतात. चिन्नोरचा सुवासिक भात, अंबाडीची भाजी, पाटोडीचा रस्सा. मासे खाणाऱ्यांना तलावातली मरळ किंवा झिंगे. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे मिळतात. जिल्ह्यात येऊन चार दिवसांचं सगळं सामान नागपूरहून भरून आणलं, तर आपण इथे धूळ आणि कचऱ्याखेरीज काय ठेवून जातो? वाटाड्या गावातला घ्यावा, चहा गावात प्यावा, पैसे गावात राहावेत. जवळ थोडी रोख रक्कम असावी. मोबाइलला दरेकसाकडे आणि जंगलात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून वाट कागदावर लिहून ठेवावी. पेट्रोल आमगाव, देवरी, अर्जुनी अशा ठिकाणी भरून घ्यावं. वयस्करांची औषधं दोन जागी विभागून ठेवावीत. आणि गाडीतलं सुटं चाक निघण्याआधी तपासावं.

भाच्यानं परत जाताना मला विचारलं, ‘मावशी, बारा ठिकाणं राहिली की गं.’ मी म्हटलं, ‘राहू देत. पावसाळ्यात हाजरा बघ, माघात कचारगड बघ, उन्हाळ्यात मोह वेचणाऱ्या बायका बघ. जिल्हा एकच, पण तो चार वेळा बघावा लागतो.’ ताईचं पुन्हा येणं होईल की नाही, ते मला सांगता येत नाही. म्हणूनच तिच्या वाट्याला ती दुपार पुरी यावी, असं मला वाटत होतं.

श्रोतेहो, तुम्हीही कुठे निघणार असाल, आमच्याकडे किंवा आणखी कुठे, तर यादी जरूर करा. मग तिच्यातली निम्मी नावं खोडा. महिना बघा, गाडीतल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला विचारा, अंधाराआधी मुक्कामी पोचा. आणि रेल्वेनं जाताना पुन्हा कधी ‘गोंदिया जंक्शन’ची पाटी दिसली, तर या वेळी सामान घेऊन उतरा.